खरखरीत गच्ची

दाराला टेकलेली निळी बॅग.

ढब. ढब. टण. ढब.

बघून भांग पाडावा इतकी चकचकीत भिंत.

खुर्चीतून न दिसणारी नदी.

ओला खराटा.

सून गुडघ्यांवर सरकत हातोडीने गच्ची ठोकत होती. टण वाजलं तिथे काँक्रीट शाबूत, ढब वाजलं तिथे आतून पोकळ. बहुतेक ढबच वाजत होतं. गॅरेजवरच्या या गच्चीचे पापुद्रे सुटले होते आणि खड्ड्यांतून गंजक्या सळया डोकावत होत्या. अशाच एका खड्ड्यात सासूबाईंच्या वॉकरचा पाय अडकला आणि त्या तोंडावर आपटल्या. तेव्हापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. कठड्याशी उभं राहून नदी बघणं बंद.

“धाकटा महिनाअखेरीस न्यायला येतोय,” त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. “तोवर गच्ची झाली तर झाली. नाहीतर ही बॅग आणि मी.”

सुनेचा हात गिलाव्यात बसलेला. तिच्या भिंतीत बघून भांग पाडता यायचा, म्हणून कामावर तिला सगळे ‘आरसा’ म्हणत. गच्ची तिने कधी केली नव्हती. पण सासूबाई जाणार हे काही तिच्या पचनी पडेना. दोघींचं रोज वाजायचं, मान्य; पण भांडायलाही समोर कुणी लागतंच की!

पोकळ तेवढं तिने फोडून काढलं. सळया तारेच्या ब्रशने घासून लख्ख केल्या. नवऱ्याने कण्हत कण्हत राडारोडा खाली नेला. जुन्या काँक्रीटला सिमेंटचं दाट पाणी पाजून तिने वर नवं ओतलं, फळीने सपाट ओढलं आणि शेवटी थापी फिरवली. गच्चीत ढग दिसायला लागले.

“वा! उद्यापासून दाढी इथेच,” नवरा म्हणाला.

सासूबाई वॉकर धरून दारापर्यंत आल्या. वाकून बघितलं.

“आरसा माझ्या कपाटाला आहे, बाई. मला चालायला जागा हवी होती.”

सुनेचा चेहरा पडला. मग तिने त्या वॉकरच्या पायांकडे पाहिलं, त्या झळझळीत गच्चीकडे पाहिलं. यावर ते सरळ घसरणार होते. काँक्रीट अजून ओलं होतं. घटकाभराने दगड होणार होतं. तिने कोपऱ्यातला खराटा उचलला, बादलीत बुडवून झटकला आणि आडव्या फळीवर ओणवी होऊन आपल्या आयुष्यातल्या सर्वांत देखण्या कामावरून ओढला.

खर्र. ढग पुसले गेले.

खर्र. दुसरी ओळ.

पार उंबऱ्यापर्यंत रेघा आल्या. मग ओली गोणपाटं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी.

महिनाअखेरीस धाकटा आला. त्याच्या देखत सासूबाईंनी वॉकर उंबऱ्याबाहेर टाकला. रबरी पाय रेघांवर गच्च बसले. एक पाऊल. आणखी एक. मुलाने पुढे केलेला हात त्यांनी झटकला. कठडा हाताला लागला तशा त्या खाली बघून ओरडल्या, “अगं, पाणी केवढं वाढलंय! मला कुणी बोललं नाही ते!”

नवऱ्याने शिट्टी मारली. सून त्या खरखरीत गच्चीवर मधोमध फतकल मारून बसली आणि हसत सुटली.

“आई, निघायचं ना? गाडी खाली उभी आहे,” धाकटा म्हणाला.

“उभी राहू दे. तू बस. चहा घे.”

दाराला टेकलेली ती निळी बॅग पहिल्या दिवसापासून रिकामी होती.