ट्रिप सोडताना

“मनगटच मोड. बोटाला चिप मानत नाही,” म्हणत इरावतीने उजवा हात ओट्यावर ठेवला. बाहेरच्या खोलीत लेकीच्या साखरपुड्याचे पाहुणे जमत होते.

दुपारच्या दुबईच्या विमानावर कॅप्टन म्हणून तिचं नाव लागलं होतं. पूर्वी वैमानिक पोट बिघडल्याचं सांगून ट्रिप सोडायचे. आता कानामागची चिप रक्त, झोप, ताप सगळं कंपनीला कळवते. खोटं आजारपण चालत नाही, खरं काहीतरी मोडावं लागतं.

तिच्या नवऱ्याने, हेरंबने, खलबत्त्यातला बत्ता उचलून हाणला. हाड कडकन मोडलं. तिने तोंडात पदर कोंबला होता, म्हणून किंकाळी बाहेर गेली नाही. चिपने ट्रिप काढून घेतली.

लगेच हेरंबच्या कानामागे कळ उठली; त्याच्या चिपने तीच ट्रिप त्याच्या नावावर लावली होती. तोही वैमानिक, आज राखीव. पण आपल्या आधी दोघं राखीव आहेत, असं तो धरून चालला होता.

“त्यांनी सकाळीच मोडून घेतलं असणार,” तो म्हणाला. त्याने बत्ता तिच्या हातात दिला आणि स्वतःचं मनगट ओट्यावर ठेवलं.

इरावतीला डाव्या हाताची सवय नव्हती. नेम बसायला तीन घाव लागले.