वीस मे

वेढा घालणाऱ्या कॅथलिक सैन्यसंघाच्या सेनापतीचे पत्र नगराध्यक्षांनी सभेत वाचले: वीस मेच्या मध्यान्हापर्यंत वेस उघडा, अन्यथा तोफा डागू. आज दहाच तारीख असल्याने सभासद निर्धास्त होते. गणित शिकवणारे एरहार्ट मात्र वैतागून उठले. “अहो, ते पोपच्या नव्या पंचांगाने चालतात, आपल्यापेक्षा दहा दिवस पुढे! त्यांची वीस तारीख आजच!” “म्हणजे आपण प्रोटेस्टंटांनी पोपची तारीख मानायची?” पाद्रीबुवा कडाडले. “मानू नका, नुसती वजाबाकी करा!” “गुरुजी बाटले वाटतं!” कुणीतरी म्हणाले, हशा पिकला. “वेशीची किल्ली द्या! वेशीला लागूनच माझी शाळा भरलीय.” “वीस तारखेला,” म्हणत नगराध्यक्षांनी ती मुठीत दाबली. एरहार्टनी धावत जाऊन मुलांना घरी पिटाळले. दुपारी बारा वाजता तोफा धडाडल्या. रिकाम्या शाळेवर वेस कोसळली. “पाहिलात कॅथलिकांचा शब्द?” किल्ली सावरत नगराध्यक्ष ओरडले. “मुदतीच्या दहा दिवस आधी!”