पहिली शिट्टी

वाफेची जुनी ट्राम पुन्हा धावली, तर म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांना पहिली शिट्टी वाजवायला मिळणार होती. बाकी काही नाही. जुने नकाशे जळून गेलेले, म्हणून स्वयंसेवकांनी सगळा मार्ग काकांच्या आठवणीवर आखला. वाटेत शिंप्याचं दुकान आलं.

"काका, चार हात सरकवा की! पोट आहे माझं त्यावर."

"अरे, रूळ होते तिथेच पडणार. इतिहास काय तुझ्यासाठी उसवून शिवायचा?"

दुकान पाडलं गेलं.

त्याच शिंप्याने शिवलेला ड्रायव्हरचा कोट घालून काकांनी पहिली शिट्टी दिली. शेजारी बसलेल्या काकू कुजबुजल्या, "अहो, आपल्या घराचा पाया खणताना ट्रामचे रूळ स्वयंपाकघराखाली निघाले होते ना?"



"हळू बोल. माझी शिट्टी झाली, तुझा ओटा वाचला. गेलं ते शिंप्याचं."