जास्तीची मेणबत्ती

मनमाडच्या यार्डात वॅगनवरून पडून बाबांची कवटी फुटली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. डॉक्टरांनी मेंदूच्या फाटलेल्या आवरणाला एका मृत माणसाच्या आवरणाचं ठिगळ लावलं आणि बाबा वाचले. तेव्हापासून दर बुद्धपौर्णिमेला ते त्या अनोळखी माणसासाठी एक मेणबत्ती जास्तीची लावत. यंदा त्यांचे हात थरथरू लागले, शब्द हरवू लागले. आजार त्या ठिगळातूनच आला आणि चाळीस वर्षं मेंदूत निजून राहिला, असं काल नाशिकरोडच्या डॉक्टरांनी सांगितलं. इलाज नाही, हेही. आज पौर्णिमेला मी ती मेणबत्ती डब्यातच ठेवली. बाबांनी ती शोधून माझ्या हातात दिली. “म्हणजे त्यालाही हाच आजार होता,” ते अडखळत म्हणाले. “मला निदान डॉक्टरांनी सांगितलं तरी. त्याला कुणी सांगितलंही नसेल. लाव, बाळा.” मी काडी ओढली आणि ती मेणबत्ती बाकीच्या मेणबत्त्यांच्या ओळीत लावली.