उंचावरची कडी

"आजी, कडी काढ ना, माझा हात पोचत नाही!" चार वर्षांची नात मागच्या दाराशी उड्या मारत होती. सुमित्रानं पाहिलं आणि ती जागीच थबकली. कडी पार चौकटीच्या वरच्या टोकाला होती.

तीही चारच वर्षांची होती, तेव्हा तिचा धाकटा भाऊ याच दारातून दुडुदुडु बाहेर पडला आणि कालव्यात बुडाला. "पोरीनं कडी काढली," असं घरचे आणि गावातले हळहळत म्हणायचे. तिलाही ते लख्ख आठवायचं. हाताला लागलेलं गार लोखंड, भावाची उघडी पाठ. लग्नानंतर ती माहेरी फारशी फिरकली नाही, आली तरी त्या दाराकडे बघत नसे.

"काकी, हे दार बदललंत का हो?"

मेथी निवडणाऱ्या काकींचा हात थांबला. "तेच आहे, सुमे. कडीही तीच." मग खालमानेनं म्हणाल्या, "दार तुझ्या आईकडून उघडं राहिलं होतं. सासूनं तिला घरात ठेवलं नसतं. लेकराला कोण काय करणार, म्हणून तुझं नाव सांगितलं."

"मग मला आठवतं ते?"

"ऐकून ऐकून तुला तसं दिसायला लागलं, बाई."

आईनं मरेपर्यंत कधी सुमित्राच्या नजरेला नजर दिली नव्हती. आपल्याला तिनं माफ केलं नाही, असंच सुमित्रा समजत आली होती. आई गेली तेव्हाही तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दुपारी मात्र काकींच्या मांडीवर डोकं ठेवून ती आईसाठी हमसून हमसून रडली.