दुसरा मिस्ड कॉल

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला तसा फिटर मशीनखालून सरपटत बाहेर आला आणि हातसुद्धा न पुसता फाटकाकडे सुटला. या परक्या देशातल्या कारखान्यात कामावर मोबाईल न्यायला बंदी होती. सकाळी आल्या आल्या तो फाटकाजवळच्या कपाटात ठेवायचा आणि किल्ली खिशात टाकायची. आज चार तास ती किल्ली त्याच्या मांडीला टोचत होती.

त्यानं फोन उघडला. आईच्या नंबरावरून दोन मिस्ड कॉल.

त्यानं पुन्हा मोजले, दोनच. निघताना मायलेकांचं ठरलं होतं, परदेशात फोन उचलला की पैसे कापतात, तेव्हा उचलायचाच नाही. वडिलांचं ऑपरेशन नीट पार पडलं की आईनं एकदा रिंग द्यायची. काही बरंवाईट झालं तर दोनदा. ऑपरेशन तसं हर्नियाचंच, पण वडिलांचं हृदय अधू. डॉक्टरांनी आईकडून एक सही जास्तीची घेतली होती. ते ऐकून यानं येणंच रद्द करायचं ठरवलं होतं. वडिलांनीच हाकललं. "तू इथं बसून काय टाके घालणार आहेस? जा, तुझं मशीन बसव जा!"

त्यानं वेळा पाहिल्या. पहिला कॉल दहा पन्नासचा, दुसरा अकरा पस्तीसचा. म्हणजे आधी सगळं नीट झालं, आणि मग पाऊण तासात... की पहिली रिंग पोचलीच नाही असं वाटून तिनं पुन्हा दिली? पण आई तसली नव्हे. एकदा ठरलं की ठरलं. एक म्हणजे एक आणि दोन म्हणजे दोन, यात तिची उभ्या जन्मात चूक झाली नव्हती.

त्यानं घाईघाईत आईचा पाठ असलेला नंबर बटणं दाबून लावला. एक बाई न कळणाऱ्या भाषेत गोड आवाजात काहीतरी बोलली आणि फोन बंद झाला. मग नंबरापुढे शून्य लावून पाहिलं. पुन्हा तीच बाई, तोच गोडवा. नंबराआधी आपल्या देशाचा आकडा लावायचा असतो हे त्याला ठाऊक होतं. एरवी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितला असता. आता काही केल्या तो आठवेना. तो फाटकापासून कपाटापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

फाटकावरचा म्हातारा पहारेकरी डब्यातलं खात बसला होता. त्यानं चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हात डोक्यावर छपरासारखे धरून विचारलं, घरी का? फिटरनं मान हलवली. फोनवरच्या नंबराआधीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं, मग कपाळावर हात मारला. म्हातारा उठला. फिटरच्या गळ्यात त्याच्या मायदेशातल्या कंपनीचं ओळखपत्र लोंबत होतं, ते त्यानं उलटं केलं आणि खालच्या ओळीवर नख टेकवलं. कंपनीचा फोन नंबर, देशाच्या आकड्यासकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

या वेळी रिंग गेली. एक, दोन, तीन. चौथीला आईनं उचलला.

"अगं बाई! तू कशाला फोन केलास? तुझं बरं आहे ना रे?"

"माझं राहू दे. बाबा कसे आहेत?"

"छान झालं की सगळं. मी रिंग नाही का दिली?"

"दोन दिल्यास तू!"

"मी? तुझी शपथ, एकच दिली. मग औषधं आणायला खाली गेले, फोन यांच्या उशाशी होता..." आई बोलता बोलता थांबली. "अहो, तुम्ही केलात का हो?"

पलीकडे खुडबूड झाली. कुणीतरी खाकरलं.

"मीच दिली," वडील म्हणाले. आवाज बारीक होता, पण त्यांचाच होता.

फिटर भिंतीला टेकून खालीच बसला. त्याला हसू येत होतं आणि डोळेही वाहत होते. पहारेकऱ्यानं डब्याचं झाकण लावलं आणि पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

"अहो बाबा, दोन म्हणजे वाईट बातमी, असं ठरलं होतं आमचं. माझा जीव गेला असता इथं!"

"ते तुमचं मायलेकांचं. मला कुणी विचारलं होतं?" वडिलांना धाप लागली. दम खाऊन ते म्हणाले, "जिवंत मी आहे ना? मग ते मीच कळवायला नको?"