गप्पी माशांची पिल्लं

"आयुक्त यायच्या आत ती बरणी इथून हलव," घोरपडे साहेबांनी प्रयोगशाळेत येऊन नाझनीनला बजावलं.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या दारातच साहेबांची लाडकी काचेची टाकी होती. शुद्ध केलेल्या पाण्यात पोहणारे गप्पी मासे दाखवून ते प्रत्येक पाहुण्याला विचारत, "मासे जगतात, अजून काय पुरावा हवा?" एम.टेक.च्या संशोधनासाठी आलेल्या नाझनीनलाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. तिला मात्र एक गोष्ट खटकली. गप्पींची वीण केवढी दांडगी, आणि इथे पिल्लू एकही नाही! शहरभरच्या पोटांतून गेलेल्या गोळ्या-औषधांचे अंश त्या नितळ पाण्यात अजून उरलेत आणि तेच माशांची वीण रोखतायत, हे तिने ओळखलं. मग तेच पाणी करवंटीच्या कोळशातून गाळून तिने बरणीत भरलं आणि साहेबांच्याच टाकीतले काही मासे त्यात सोडले.

आज बरणीत पिल्लांची नुसती झुंबड उडाली होती.

"हलवते," ती म्हणाली. बरणी छातीशी धरून ती थेट दारापर्यंत गेली आणि साहेबांच्या टाकीला खेटून तिने ती ठेवली.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" मागोमाग धावत आलेले साहेब खेकसले. "एक फोन केला तर तुझं संशोधन आजच बंद होईल!"

"करा की." ती जागची हलली नाही. आयुक्तांची गाडी फाटकातून आत आली, तशी ती साहेबांकडे वळून हसली. "पण आधी तुमचं नेहमीचं वाक्य होऊन जाऊ दे, साहेब. पुढचं मी बोलते."